एका तासाची घडण
नोकरदारांच्या थेट ऑनलाइन प्रशिक्षणाचा विचार

कार्यालय, कारखाना, रुग्णालय किंवा बँकेची शाखा अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसांना इंटरनेटवरून एकाच वेळी एकत्र आणून दिले जाणारे प्रशिक्षण म्हणजे थेट ऑनलाइन प्रशिक्षण. शिक्षणशास्त्रात याला सहकालिक अध्ययन म्हणतात. शिकवणारा आणि शिकणारा वेगवेगळ्या गावी असले, तरी घड्याळातली वेळ दोघांची एकच असते. आधी चित्रित करून ठेवलेले पाठ, वाचायला पाठवलेली टिपणे आणि ज्याने त्याने सवडीने सोडवायच्या चाचण्या हे झाले असहकालिक अध्ययन. हा भेद वरवर तांत्रिक वाटला, तरी प्रशिक्षणाच्या आखणीतले बहुतेक निर्णय शेवटी त्याच्यापाशीच येऊन ठेपतात, कारण सवडीच्या पाठासाठी कोणाचीही ठरावीक वेळ अडवावी लागत नाही आणि थेट सत्रासाठी सगळ्यांचीच अडवावी लागते. ८० कर्मचाऱ्यांचे दीड तासाचे सत्र म्हणजे १२० मनुष्य-तास, अर्थात आठ तासांच्या पाळीने एका माणसाचे १५ दिवसांचे काम. एवढा वेळ मोजून ८० जणांनी जर एका माणसाने वाचून दाखवलेल्या स्लाइड तेवढ्या ऐकल्या असतील, तर त्याच स्लाइड ईमेलने पाठवल्या असत्या तरी फारसे काही बिघडले नसते.

त्यामुळे थेट सत्राच्या आखणीचा पहिला प्रश्न ‘काय शिकवायचे’ हा नसून, शिकवायच्या मजकुरातले नेमके काय दुसऱ्या माणसाच्या प्रतिसादावाचून शिकता येत नाही, हा आहे. नियम वाचता येतो, कृती चित्रफितीत पाहता येते, व्याख्या पाठ करता येते. पण स्वतः घेतलेला निर्णय बरोबर होता की चुकला, हे कोणीतरी ऐकून घेऊन सांगावे लागते. थेट वेळ ही या ऐकून घेण्यासाठी राखून ठेवण्याची वस्तू आहे. गेल्या दोन दशकांतला दूरस्थ प्रशिक्षणाचा एक अतिशय बारकाईने नोंदवला गेलेला प्रयोग याच तत्त्वावर उभा राहिला, आणि त्याच्या प्रणेत्याचे वैद्यकीय शिक्षण पुण्यात झाले होते.

परतीच्या वाटेचा जुना प्रश्न

दूर बसलेल्या नोकरदारांना पडद्यावरून शिकवण्याची कल्पना २०२० च्या टाळेबंदीत जन्मली, असा एक समज आहे. भारतात तिचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले आणि त्याच प्रयोगात एनसीईआरटीने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे सेवांतर्गत प्रशिक्षण घेतले. या प्रशिक्षणात दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणीचे पाठ, कृतिपुस्तिका आणि केंद्रावर प्रत्यक्ष हजर असलेले मार्गदर्शक शिक्षक होते. पडद्यावरचा तज्ज्ञ समोरच्या शिक्षकाचे काहीच ऐकू शकत नव्हता, म्हणून ऐकून घेणारा माणूस खोलीत बसवावा लागला.

पुढे उपग्रहावरून चित्र एका दिशेने आणि आवाज दोन्ही दिशांनी नेण्याची सोय झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून केवळ शिक्षणासाठी सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाच्या जाळ्यात काही केंद्रे दोन्ही बाजूंनी बोलू शकणारी होती, तर काही फक्त ग्रहण करणारी. २०२० च्या मार्चनंतर झूम, मीट, टीम्स ही नावे घरोघरी पोहोचली आणि प्रत्येकाच्या हातातला फोन दोन्ही बाजूंनी बोलू-दाखवू लागला. झूमवरील बैठकांतला रोजचा सहभाग डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होता, तो एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. तांत्रिक अडसर असा जवळजवळ नाहीसा झाला. तरीही बहुसंख्य सत्रे मात्र ‘फक्त ग्रहण’ करणाऱ्या जुन्या केंद्रांसारखीच चालू राहिली. एक जण बोलतो, बाकीचे म्यूट होऊन ऐकतात आणि शेवटी ‘कोणाला काही शंका?’ या प्रश्नावर शांतता पसरते. परतीची वाट बांधून झाली होती. तिच्यावरून चालण्याचे कारण मात्र कोणी दिले नव्हते.

न्यू मेक्सिकोतील यकृततज्ज्ञ

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा किंचित जास्त, पण लोकसंख्या अवघी २० लाखांच्या आसपास. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. संजीव अरोरा हे या राज्यातील अल्बुकर्की येथील न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृतविकारतज्ज्ञ म्हणून काम करत होते. हिपॅटायटिस सी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारावर त्या काळी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या असा उपचार असे. विषाणूच्या प्रकारानुसार तो २४ ते ४८ आठवडे चाले आणि त्यात रक्तक्षयापासून तीव्र नैराश्यापर्यंत अनेक दुष्परिणाम सांभाळावे लागत. गावोगावचे डॉक्टर या उपचाराला हात लावायला धजत नसत, त्यामुळे रुग्णाला शेकडो किलोमीटरचा प्रवास करून अल्बुकर्कीला यावे लागे आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात त्याचा क्रमांक लागायला आठ महिने लागत.

२००३ मध्ये अरोरा यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. रुग्णाला तज्ज्ञाकडे आणण्याऐवजी तज्ज्ञाचे कौशल्य गावच्या डॉक्टरपर्यंत न्यायचे, हा त्याचा गाभा. यासाठी व्याख्यानमाला आयोजित करण्याचा सरधोपट मार्ग त्यांनी घेतला नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एका बाजूला विद्यापीठातले यकृततज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधनिर्माणशास्त्राचे जाणकार, तर दुसऱ्या बाजूला गावांतल्या दवाखान्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर व परिचारिका असे सगळे पडद्यावर एकत्र येत. चाकाचा मधला तुंबा आणि त्यातून निघणारे आरे, अशी ही रचना.

सत्राचा क्रम जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याची परिणामकारकता त्या क्रमातच दडलेली आहे. तज्ज्ञाचे भाषण असते, पण ते १० ते १५ मिनिटांत आटोपते आणि उरलेला बहुतेक वेळ प्रत्यक्ष रुग्णांना दिला जातो. एखादा गावचा डॉक्टर आपल्या एका रुग्णाची माहिती, नाव-गाव वगळून, ठरावीक नमुन्यात मांडतो: वय, आजाराचा इतिहास, उपचाराचा कितवा आठवडा, हिमोग्लोबिन किती उतरले, झोप आणि मनःस्थिती कशी आहे, आणि सर्वांत शेवटी, आपल्याला नेमके काय ठरवता येत नाही. त्यानंतर लगेच सल्ला दिला जात नाही. प्रथम इतर गावांतले डॉक्टर खुलाशाचे प्रश्न विचारतात, मग तज्ज्ञ विचारतात. सल्ल्याच्या फेरीतही आधी बरोबरीचे डॉक्टर आपापले मत देतात आणि तज्ज्ञांची पाळी त्यांच्यानंतर येते. अखेरीस सूत्रसंचालक सारांश सांगतो आणि शिफारशी लेखी स्वरूपात त्या डॉक्टरकडे पोहोचतात. रुग्ण त्या डॉक्टरचाच राहतो आणि निर्णयही त्याचाच राहतो.

तज्ज्ञाने शेवटी बोलायचे, हा नियम शिष्टाचाराचा वाटतो, पण तो शिकण्याच्या प्रक्रियेचा कणा आहे. तज्ज्ञ आधी बोलला की इतरांना विचार करण्याचे कारण उरत नाही. तो शेवटी बोलतो तेव्हा प्रत्येकाने मनाशी एक उत्तर तयार केलेले असते आणि तज्ज्ञाचे उत्तर ऐकताना तो आपल्या उत्तराशी ते ताडून पाहतो. शिवाय एका गावच्या रुग्णावर चर्चा होत असताना बाकीच्या गावांतले डॉक्टरही, स्वतःचा रुग्ण नसताना, तोच निर्णय मनातल्या मनात घेत असतात. वर्षभरात अशा कितीतरी रुग्णांच्या चर्चा कानांवरून गेल्या की एका डॉक्टरला एरवी जो अनुभव मिळायला अनेक वर्षे लागली असती, तो तुलनेने थोड्या काळात गाठीशी येतो.

या प्रयोगाचा निकाल जून २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ४०७ रुग्णांपैकी १४६ जणांवर विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी आणि २६१ जणांवर १६ सामुदायिक दवाखाने व ५ तुरुंग अशा २१ ठिकाणच्या डॉक्टरांनी उपचार केले. विद्यापीठात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, तर गावांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण विद्यापीठात १३.७ टक्के आणि बाहेरच्या केंद्रांत ६.९ टक्के आढळले. कोणता रुग्ण कोठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे गावचे डॉक्टर तज्ज्ञांहून सरस ठरले, असा अर्थ या आकड्यांतून काढता येत नाही. मात्र पडद्यावरून शिकलेल्या डॉक्टरांनी एक अवघड उपचार तज्ज्ञांच्या तोडीने पार पाडला, एवढे त्यातून दिसते. हेही ध्यानात घ्यावे लागते की हे यश एखाद्या रंगलेल्या सत्राचे नव्हते. ते ठरल्या वारी ठरल्या वेळी, खंड न पडता चालणाऱ्या सत्रमालिकेचे होते.

ही पद्धत पुढे भारतातही आली. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या क्षेत्रांत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी तिचा अवलंब केला. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये आकाराला आलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातही वेगवेगळ्या शहरांतले तज्ज्ञ पडद्यावर एकत्र येऊन अवघड रुग्णांवर चर्चा करतात. या चर्चेचा उद्देश रुग्णाचा उपचार ठरवणे हा असला, तरी ऐकणाऱ्यांचे शिक्षण तिच्यातून आपोआप होते.

पडदा काय काढून घेतो

खोलीत बसून शिकवणाऱ्याला काही गोष्टी फुकट मिळतात: कोणाच्या कपाळावर आठी पडली, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, कोण बोलण्यासाठी श्वास घेतो. पडदा या सगळ्या खुणा काढून घेतो, आणि त्यांची भरपाई आखणीतून करावी लागते.

पहिली हानी संभाषणाच्या लयीची. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधले अंतर साधारणपणे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतके, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद असते. २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास करून हे दाखवले गेले. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये. पण तालुक्याच्या गावातल्या मोबाइल जाळ्यावर हा विलंब सहज वाढतो, आणि त्यात म्यूट उघडण्याची खटपट मिळवली की संभाषणाची लय पुरती मोडते. दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ असे होते आणि मग कोणीच बोलत नाही. २०१४ मधील एका जर्मन अभ्यासाने दाखवले की जाळ्यातल्या अशा विलंबाचा दोष ऐकणारा जाळ्याला न देता बोलणाऱ्या माणसाला देतो. तो माणूस त्याला बेफिकीर वाटू लागतो. त्यामुळे ‘कोणालाही वाटेल त्याने बोलावे’ हे खोलीत मोकळेपणाचे वाटणारे आमंत्रण पडद्यावर निष्फळ ठरते. बोलण्याचा क्रम आधी जाहीर करणे, नाव घेऊन आणि विचाराला वेळ देऊन बोलावणे, बोलायला अवघडणाऱ्यासाठी चॅटची वाट खुली ठेवणे, हे उपाय त्यातून सुचतात.

दुसरी हानी शांततेची. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबू लागले की उत्तरे लांबतात, त्यांतला तर्क वाढतो आणि गप्प राहणारेही बोलू लागतात. पडद्यावर तीन सेकंदही अपुरे पडतात, कारण तिथे विचार करायचा, म्यूटचे बटण शोधायचे आणि आवाज पोहोचायचा अशा तीन गोष्टी त्यात बसवायच्या असतात. अननुभवी प्रशिक्षकाला ही शांतता खायला उठते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. असे दोनदा झाले की शिकणाऱ्यांना कळून चुकते की येथे प्रश्न विचारले जातात, पण उत्तरे द्यावी लागत नाहीत.

तिसरी हानी थकव्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये दृश्य-बैठकांच्या शिणाची चार संभाव्य कारणे मांडली: फार जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणे, जागचे न हलता येणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी व ते मुद्दाम दाखवण्यासाठी पडणारे जादा श्रम. सत्रभर सर्वांनी कॅमेरा चालू ठेवावा, हा अनेक ठिकाणचा दंडक या प्रकाशात तपासून पाहायला हवा. छोट्या गटात बोलताना कॅमेरा चालू आणि ऐकताना किंवा लिहिताना बंद, अशी मुभा दिली तर शिस्त बिघडत नाही. शिवाय ज्याचा डेटा संपत आलेला असतो किंवा ज्याच्या मागे घरातली माणसे वावरत असतात, त्याची अडचणही दूर होते.

डोक्यात किती मावते

स्मृतीचा जो भाग चालू क्षणीचा विचार धरून ठेवतो, त्याला कार्यस्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात, अधिक-उणे दोन घटक अशी सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेला बोधभाराचा सिद्धान्त याच मर्यादेवर उभा आहे: शिकवण्याच्या पद्धतीमुळे डोक्यावर पडणारा अनावश्यक भार जितका कमी, तितकी शिकण्यासाठी जागा जास्त. स्लाइडवर परिच्छेद छापून तोच मोठ्याने वाचून दाखवणे, ही नोकरीतल्या प्रशिक्षणाची सर्वांत रुळलेली सवय या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते, कारण डोळे आपल्या गतीने वाचत पुढे जातात, कान वक्त्याच्या गतीने मागे राहतात आणि दोन्हींचा मेळ घालण्यातच शक्ती खर्ची पडते. आकृती दाखवून तोंडी समजावणे किंवा मजकूर दाखवून काही क्षण गप्प राहणे, या दोहोंपैकी काहीही चालते.

ऐकलेले टिकवायचे कसे, याचे उत्तर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदाच अभ्यासून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिल्या गटाला ८३ टक्के आठवत होते आणि दुसऱ्याला ७१. आठवड्याने मात्र पहिल्याला ४० टक्के आणि दुसऱ्याला ६१. प्रशिक्षणाच्या आखणीसाठी यातला उलटफेर महत्त्वाचा आहे. सत्र संपल्यावर लगेच भरून घेतलेला अभिप्राय सोप्या, ओघवत्या भाषणाला झुकते माप देणार हे उघड आहे, आणि आठवड्याने काउंटरवर उभे राहिल्यावर उपयोगी पडणार तो आठवण्याचा त्रास.

साठ मिनिटांचा नमुना

ही सूत्रे एकत्र आणली तर सत्र कसे दिसेल, हे एका कल्पित नमुन्यावरून पाहता येईल. समजा, एका सहकारी बँकेला शाखांमधल्या २४ कर्मचाऱ्यांना ‘डिजिटल अटक’ या नावाने चाललेल्या फसवणुकीबद्दल तयार करायचे आहे. या प्रकारात भामटे पोलीस किंवा तपासयंत्रणेचे अधिकारी असल्याची बतावणी करून माणसाला व्हिडिओ कॉलवर धरून ठेवतात आणि ठेव मोडून पैसे पाठवायला लावतात. नेहमीच्या पद्धतीने हे सत्र म्हणजे फसवणुकीचे प्रकार, परिपत्रके आणि सूचना यांच्या ४० स्लाइड झाल्या असत्या. पण कर्मचाऱ्याची अडचण माहितीच्या अभावाची नसतेच. समोर सत्तरीचे गृहस्थ उभे आहेत, शर्टाच्या खिशातला फोन चालू आहे, ते मुदत ठेव मोडायला सांगत आहेत आणि विचारपूस केली की म्हणतात, ‘माझेच पैसे आहेत, तुम्हाला काय करायचंय?’ या वाक्याला उत्तर काय द्यायचे, ही खरी अडचण आहे.

माहितीचा भाग दोन दिवस आधी एका पानात व्हॉट्सॲपवर जातो: अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही, तक्रारीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १९३०, शाखेत कळवायचे कोणाला. सत्र सुरू होताच तिसऱ्या मिनिटाला वरचा प्रसंग पडद्यावर येतो आणि चार पर्यायांचा पोल उघडतो. चारही पर्याय वरकरणी शहाणपणाचे असावे लागतात. एक उघड बरोबर आणि तीन उघड चूक असतील तर पोल ही केवळ हजेरी ठरते. मते विभागली गेली की प्रशिक्षक उत्तर न सांगता वेगवेगळी मते देणाऱ्या दोघांना नाव घेऊन कारण विचारतो. बाराव्या मिनिटाला चौघाचौघांचे सहा गट ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मुख्य बैठकीतून फुटणाऱ्या छोट्या दालनांत जातात. एक जण ग्राहक होतो, एक अधिकारी आणि दोघे ऐकून नोंद करतात. सात मिनिटांनी भूमिका बदलतात. काय करायचे, किती वेळात आणि परत येताना काय आणायचे, हे दालनात जाण्यापूर्वी लेखी दिलेले असते. नाहीतर पहिली चार मिनिटे ‘नक्की काय करायचंय?’ यातच जातात.

तिसाव्या मिनिटाला सगळे परततात आणि प्रत्येक गट उपयोगी पडलेले एकच वाक्य किंवा कृती चॅटमध्ये लिहितो. ‘आजोबा, आणखी एक सही लागेल, जरा आत साहेबांच्या टेबलापाशी बसा,’ असे कोणी लिहील. फोनवरचा माणूस सगळे ऐकत असतो हे ओळखून एखादा गट सुचवेल की तोंडाने काही न विचारता स्लिपच्या मागे ‘फोनवर कोण आहे? घाबरू नका’ असे लिहून ती पुढे सरकवावी. हे शहाणपण परिपत्रकात नसते. ते काउंटरवर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसांपाशी असते आणि बाहेर येण्यासाठी त्याला असा वाव द्यावा लागतो. दक्षता विभागाचा अधिकारी यानंतर बोलतो, दहा मिनिटेच, आणि तेही पुढे आलेल्या उपायांना धरून: यातले नियमात काय बसते, काय बसत नाही, ग्राहक हटूनच बसला तर जबाबदारी कोणाची. शेवटच्या दहा मिनिटांत स्लाइड बंद होतात आणि प्रत्येक जण असा ग्राहक आल्यास आपण क्रमाने करायच्या तीन गोष्टी न बघता लिहितो. आठवड्याने व्हॉट्सॲप गटावर थोडा वेगळा प्रसंग येतो. महिन्याने अर्ध्या तासाचे दुसरे सत्र होते, आणि त्यात प्रसंग कर्मचाऱ्यांनी आपापल्या शाखेतून आणलेले असतात. या टप्प्यावर हे प्रशिक्षण न्यू मेक्सिकोच्या पद्धतीला येऊन मिळते.

या तासात प्रशिक्षकाचे सलग बोलणे फारसे नाही. आखणीचे काम मात्र कितीतरी जास्त आहे. दालने उघडणे, चॅट वाचणे, ज्याचा आवाज येत नाही त्याला फोन करणे यासाठी दुसरा माणूस, म्हणजे को-होस्ट, लागतोच. एकट्याने हे सारे सांभाळायला गेल्यास ‘स्क्रीन दिसतेय का?’ या प्रश्नातच सत्राची उमेद संपते.

परिस्थितीचे अडथळे

आखणी कागदावर बरोबर असली, तरी शिकणारा कोठे आणि कसा बसला आहे यावर ती तगते किंवा कोसळते. आरोग्य केंद्राच्या सभागृहात एक लॅपटॉप आणि त्याच्यासमोर वीस कर्मचारी असे चित्र महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अपरिचित नाही. अशा ठिकाणी पोल आणि ब्रेकआउट रूम दोन्ही निकामी ठरतात. साइटच्या काळातला उपाय तिथे पुन्हा उपयोगी पडतो: खोलीतल्याच एकीला आधी तयार करून गटचर्चा तिच्याकडे सोपवायची आणि पडद्यावर फक्त निष्कर्ष मागवायचे. शिकणारा फोनवर असेल, तर लॅपटॉपसाठी केलेली बारीक अक्षरांची स्लाइड त्याला वाचता येत नाही. भाषेचाही प्रश्न आहे. स्लाइड इंग्रजीत, बोलणे हिंदीत आणि काम मराठीत अशी तिहेरी कसरत करावी लागणारा कर्मचारी शंका विचारत नाही, कारण ती कोणत्या भाषेत विचारावी हेच त्याला उमगत नाही.

अधिकाराची उतरंड हा याहून अवघड अडथळा आहे. वरिष्ठ अधिकारी बैठकीत आहेत असे यादीत दिसले की कनिष्ठांची उत्तरे एकदम सावध होतात. चूक कबूल करणे तर दूरच. एकोमध्ये डॉक्टर आपली अडचण सर्वांसमोर मांडू शकले, ते तिथे अडचण मांडणे हाच सहभागाचा रीतसर नमुना होता म्हणून. नोकरीतल्या सत्रातही पोल निनावी ठेवणे, वरिष्ठांनी प्रथम स्वतःचा फसलेला निर्णय सांगणे आणि चर्चेच्या भागाचे रेकॉर्डिंग न करणे, अशा साध्या तजविजींनी बराच फरक पडतो. रेकॉर्डिंग हवेच असेल तर ते माहितीच्या भागाचे करावे. तो भाग तसाही सवडीने पाहण्याजोगा असतो.

फळ कोठे मोजायचे

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखांतून मांडल्या: शिकणाऱ्याला सत्र कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्या बदलातून संस्थेला किंवा लोकांना काय मिळाले. बहुतेक संस्था पहिल्या पायरीवरच थांबतात, कारण गुगल फॉर्म भरून घेणे सोपे असते. त्याच्या जोडीला हजेरी आणि प्रमाणपत्र. ऑनलाइन माध्यमाने ही मोजणी आणखी फसवी केली आहे, कारण कोण किती मिनिटे जोडलेला होता हे यंत्र अचूक सांगते आणि त्यामुळे जोडलेले असणे म्हणजेच शिकणे, असा भास होतो.

आखणी उलट्या दिशेने, म्हणजे चौथ्या पायरीपासून सुरू केली, तर सत्रात काय हवे आणि काय नको हे आपोआप निवडले जाते. बँकेच्या नमुन्यात ‘किती जण उपस्थित’ हा आकडा बाजूला ठेवून पुढच्या सहा महिन्यांत किती संशयास्पद ठेवमोडी काउंटरवर थांबवल्या गेल्या, याची नोंद ठेवायचे एकदा ठरले की ४० स्लाइडचा मोह गळून पडतो आणि ‘तुम्हाला काय करायचंय?’ या वाक्याचा सराव अपरिहार्य होतो. एकोनेही तेच केले. तिथल्या डॉक्टरांच्या आत्मविश्वासाची प्रश्नावली भरून घेतली गेली होती, ज्ञानातली वाढही पाहिली गेली. पण प्रशिक्षण यशस्वी झाले की नाही हे ठरले ते रुग्णाचा उपचार पूर्ण झाल्यावर २४ आठवड्यांनी त्याच्या रक्ताचा नमुना तपासून त्यात विषाणू सापडतो का, हे पाहून. तो रुग्ण अल्बुकर्कीच्या पडद्यासमोर कधी बसला नव्हता. त्याचा डॉक्टर मात्र दर आठवड्याला ठरल्या वेळी तिथे हजर असे आणि आपल्याला काय कळत नाही, ते सर्वांसमोर सांगत असे.